प्लग बसला म्हणजे अडॅप्टर जुळला असे नाही



मुख्याध्यापकांच्या लेखात निकाल, शिस्त आणि शुल्क यांची चर्चा असते, ही आपली जुनी सवय. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. लॅपटॉपला वीज पुरवणारा तो काळा डबा, म्हणजे अडॅप्टर, त्याबद्दल लिहितो आहे. कारणही सांगितले पाहिजे. या विषयात सर्वांत मोठी चूक शाळेत जर कोणी केली असेल तर ती मी स्वतः केली आहे.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगणक कक्षासाठी सात जुने लॅपटॉप दिले. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वर्षांचे. त्यांचे अडॅप्टर एका कापडी पिशवीत एकत्र आले होते. त्याच कपाटात शाळेच्या जुन्या स्कॅनरचा आणि स्पीकरचा अडॅप्टरही पडलेला होता. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दहावीच्या मुलींना आपले सादरीकरण पूर्ण करायचे होते आणि लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. मी पिशवीतून एक अडॅप्टर काढला, प्लग लावून पाहिला, तो अगदी नीट बसला, म्हणून बटण सुरू केले. नववीतला एक मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सर, खालचा आकडा बघितला का?" मी त्याला म्हणालो, "मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये." दोन-तीन सेकंदांत बारीकसा 'फट्' असा आवाज आला आणि जळका वास सुटला. लॅपटॉप गेला.

तो अडॅप्टर स्कॅनरचा होता. त्यावर २४ व्होल्ट लिहिले होते. लॅपटॉपला हवे होते १९ व्होल्ट. प्लगचा आकार मात्र दोघांचा एकच. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले की मुख्य बोर्डाचा वीज आत घेणारा भागच जळाला आहे. सुदैवाने हार्ड डिस्क शाबूत होती. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि मुलींचे काम परत मिळाले. पण लॅपटॉप मिळाला नाही. तो एका माजी विद्यार्थ्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ दिला होता. त्याला फोन करून हे सांगताना मला जे वाटले ते लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्या नववीतल्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली.

त्यानंतर मी हा विषय पद्धतशीर समजून घेतला. आपल्या बहुतेक घरांत एक-दोन जुने लॅपटॉप आहेत आणि खणात चार-पाच अडॅप्टर पडलेले आहेत. म्हणून जे समजले ते सर्वांसाठी मांडतो.

अडॅप्टर काय करतो?

आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये साधारण २३० व्होल्टची वीज असते. ती प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होत असते. लॅपटॉपला ही वीज चालत नाही. त्याला कमी व्होल्टची आणि एकाच दिशेची, म्हणजे दिष्ट वीज लागते. हा बदल अडॅप्टर करतो.

बहुतेक लॅपटॉपांना १९ व्होल्टच्या आसपास का लागतात? याचे उत्तर बॅटरीत आहे. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट देतो. जुन्या बॅटरीत असे तीन किंवा चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चार सेलचे होतात १६.८ व्होल्ट. बॅटरी भरायची तर बाहेरून येणारा दाब त्याहून थोडा जास्त हवा. म्हणून १८.५, १९, १९.५, २० असे आकडे दिसतात. येथे एक सावधानी बाळगा: बॅटरीवर १०.८, ११.१ किंवा १४.८ व्होल्ट असे छापलेले असते. तो बॅटरीचा आकडा आहे. त्यावरून अडॅप्टर निवडू नये.

पहिला आकडा: व्होल्ट

आम्ही हिंदी माध्यमातून विज्ञान शिकलो तेव्हा 'विभवांतर' आणि 'धारा' हे शब्द पाठ केले, पण ते नेमके काय करतात हे गच्चीवरची टाकी पाहून समजले. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. व्होल्ट म्हणजे हा दाब. तो देणारा ठरवतो. घेणाऱ्याला तो नाकारता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या टाकीसाठी बसवलेल्या नळाला पाचव्या मजल्याचा दाब दिला तर नळाचा वायसर फाटणारच.

म्हणून नियम असा की लॅपटॉपला जितके व्होल्ट हवेत तितकेच अडॅप्टरने द्यावेत. १९ ला १९, २० ला २०. अर्धा व्होल्ट इकडे-तिकडे, उदाहरणार्थ १९ च्या जागी १९.५, बहुतेक लॅपटॉप सहन करतात, कारण आतले सर्किट थोडा फरक धरूनच बनवलेले असते. पण ही अडचणीच्या वेळची सोय आहे, कायमची व्यवस्था नाही. १६ च्या जागी २० म्हणजे पंचवीस टक्के जास्त. १९ च्या जागी २४ म्हणजे सव्वीस टक्के जास्त. माझ्या हातून जे झाले ते हेच.

व्होल्ट कमी पडले तर सहसा काही जळत नाही. लॅपटॉप चार्जच होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच बंद पडतो.

आयबीएमच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांना १६ व्होल्ट लागत. २००६ च्या सुमारास लेनोवोने त्याच मालिकेत २० व्होल्ट आणले. त्या वेळी कंपनीने एक शहाणपणाचे काम केले. प्लगचा आकारच बदलला आणि तो जाड केला, म्हणजे नवा प्लग जुन्या यंत्रात जाऊच नये. सगळ्यांनी असे केले असते तर माझ्यासारख्यांची फजिती टळली असती. पण तसे झाले नाही. त्यामुळे आकडा वाचण्याला पर्याय नाही.

दुसरा आकडा: अँपिअर

येथे लोकांचा गैरसमज उलटा असतो. "४ अँपिअरचा अडॅप्टर ३ अँपिअरच्या लॅपटॉपला लावला तर जास्त करंट जाऊन जळेल," असे अनेक जण सांगतात. तसे होत नाही. अडॅप्टरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याची मर्यादा. प्रत्यक्षात किती घ्यायचे हे लॅपटॉप ठरवतो. घरात दहा जणांचा स्वयंपाक तयार असला म्हणून दोन माणसे दहा जणांचे जेवत नाहीत.

पण स्वयंपाक दोघांचा आणि पाहुणे दहा, असे झाले तर अडचण होते. अडॅप्टरची मर्यादा लॅपटॉपच्या गरजेपेक्षा कमी असेल तर अडॅप्टर तापतो, वारंवार बंद पडतो, त्याचे आयुष्य घटते. निकृष्ट बनावटीचा असेल तर तो वितळण्याचा धोकाही असतो.

म्हणून नियम: व्होल्ट समान, अँपिअर समान किंवा जास्त. हा एक नियम पाठ झाला तरी लेखाचा निम्मा उद्देश सफल झाला.

तिसरा आकडा: वॉट

व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट मिळतात. आठवीच्या मुलांनी हा गुणाकार करून पाहावा. १९ व्होल्ट गुणिले ३.४२ अँपिअर म्हणजे ६४.९८, म्हणून त्याला ६५ वॉटचा अडॅप्टर म्हणतात. २० गुणिले ३.२५ म्हणजे बरोबर ६५. १९.५ गुणिले ४.६२ म्हणजे ९०.०९, हा ९० वॉटचा. दुकानदार "पासष्टचा देऊ की नव्वदचा?" असे विचारतो ते यामुळे. पण लक्षात घ्या, पासष्ट वॉट १८.५ व्होल्टचेही असतात, १९ चेही आणि २० चेही. फक्त वॉट सांगून अडॅप्टर घेऊ नये. आधी व्होल्ट.

चौथी गोष्ट: उलट-सुलट

दिष्ट विजेला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. गोल प्लगमध्ये एक टोक आत असते आणि दुसरे बाहेरच्या कड्यावर. लॅपटॉपमध्ये साधारणपणे धन आत असते. पण गिटारच्या पेडलसारख्या काही संगीत उपकरणांच्या अडॅप्टरमध्ये ऋण आत असते. उलटे जोडले तर यंत्र बिघडू शकते.

हे ओळखण्यासाठी लेबलवर छोटे चित्र असते. मध्ये एक ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे चिन्ह. ठिपक्याला अधिक जोडलेले असेल तर आत धन. लॅपटॉपच्या खाली आणि अडॅप्टरवर हे चित्र एकसारखे असले पाहिजे.

पाचवी गोष्ट: प्लगचा आकार

प्लगला दोन मापे असतात: बाहेरचा व्यास आणि आतल्या छिद्राचा व्यास. ५.५ मिलिमीटर बाहेर आणि २.५ आत हे माप पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत दिसते. त्याच ५.५ मध्ये २.१ आणि १.७ अशी आतली मापेही आहेत. बाहेरून पाहिले तर तिन्ही सारखेच. आतला व्यास लहान असेल तर प्लग जात नाही. मोठा असेल तर जातो, पण सैल राहतो. मग ठिणग्या पडतात, लॅपटॉप हलवला की चार्जिंग तुटते आणि सॉकेट काळे पडते. मुलांनी प्लग जोर लावून बसवू नये आणि बाजारात मिळणारी अदलाबदलीची टोपणेही न विचारता वापरू नयेत. टोपण आकार बदलते, व्होल्ट बदलत नाही.

सहावी गोष्ट: ओळख पटवणारी पिन

काही लॅपटॉप अडॅप्टरला आधी ओळख विचारतात. डेल कंपनीच्या अनेक जुन्या लॅपटॉपांचा प्लग ७.४ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ती वीज पुरवण्यासाठी नसते. अडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते आणि ती या पिनेतून "मी इतक्या वॉटचा आहे" असे सांगते. ओळख पटली नाही तर पडद्यावर सूचना येते की अडॅप्टरचा प्रकार कळत नाही. मग लॅपटॉप चालतो, पण मंद, आणि बॅटरी चार्ज होत नाही. कधी कधी मूळ अडॅप्टर असूनही ही सूचना येते. तेव्हा बहुधा ती पिन वाकलेली असते किंवा वायरच्या आतली बारीक तार तुटलेली असते. अडॅप्टर फेकण्याआधी हे पाहावे.

एचपीच्या जुन्या लॅपटॉपांतही दिसायला असाच प्लग आहे. एकाचा दुसऱ्यात बसतो. पण ओळख सांगण्याची रीत वेगळी आणि व्होल्टही वेगळे असू शकतात. म्हणून बसतो म्हणून लावू नये. ॲपलने २००६ मध्ये चुंबकाने चिकटणारा प्लग आणला. त्यात ४५, ६० आणि ८५ वॉटचे अडॅप्टर होते. एकाच प्रकारच्या प्लगमध्ये जास्त वॉटचा अडॅप्टर चालतो, कमीचा अपुरा पडतो. २०१२ मध्ये त्या प्लगचा आकार बदलला, त्यामुळे जुना नव्यात थेट बसत नाही.

लेबल कसे वाचावे?

अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन ओळी शोधा. 'इनपुट' ही भिंतीकडची बाजू. तेथे १०० ते २४० असे लिहिलेले असते आणि नागमोडी रेघ असते. 'आउटपुट' ही लॅपटॉपकडची बाजू. तेथे व्होल्टच्या आकड्यापुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतात. हे दिष्ट विजेचे चिन्ह. आपल्याला हवी ती आउटपुटची ओळ. मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरची इनपुटची ओळ वाचा. अडॅप्टरचे आउटपुट आणि लॅपटॉपचे इनपुट यांचा मेळ घालायचा आहे. अक्षरे पुसट असतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. माझ्या वयाच्या मंडळींना हा उपाय विशेष उपयोगी आहे.

तेथेच भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १३२५२ हा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. संगणकाच्या अडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. फार जुन्या अडॅप्टरवर ती नसेल, पण आज नवा घेताना असलीच पाहिजे.

मल्टिमीटरने तपासणी

लेबल फाटले असेल तर मल्टिमीटर लागतो. मुलांनी हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. अडॅप्टर लॅपटॉपला न जोडता भिंतीत लावावा. मल्टिमीटर दिष्ट व्होल्टवर ठेवावा. लाल टोक प्लगच्या आतल्या छिद्रात आणि काळे बाहेरच्या कड्याला लावावे. दोन्ही टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर ध्रुव उलटे आहेत असे समजावे. बारीक पिनवाल्या प्लगमध्ये लाल टोक पिनेला नव्हे, तर कड्याच्या आतल्या भिंतीला लावावे.

साध्या मल्टिमीटरचा '२०' हा टप्पा १९.९९ पर्यंतच दाखवतो. २० व्होल्टचा अडॅप्टर तपासताना पडद्यावर नुसता १ दिसतो आणि अडॅप्टर खराब आहे असे वाटते. तेव्हा '२००' च्या टप्प्यावर जावे. आमच्या कक्षात एक चांगला अडॅप्टर याच कारणाने रद्दीत जाणार होता. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा: मल्टिमीटर व्होल्ट दाखवतो, पण अडॅप्टर किती अँपिअर पेलेल हे असे तपासून कळत नाही. त्यासाठी लेबलच हवे. लेबल नसेल तर तो अडॅप्टर न वापरणेच बरे.

भिंतीकडची वायर

तीन पिनांची वायर असेल तर तिसरी पिन अर्थिंगची आहे. ती काढून किंवा तोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लावू नये. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्याचे एक कारण बहुधा अर्थिंग नसणे हे असते. वायर सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर ती बदलावी.

नव्या लॅपटॉपांचे काय?

यूएसबी टाइप-सी या चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या प्लगने हा गोंधळ बराच कमी केला आहे. या प्रकारचा चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपशी बोलणे झाल्यावरच ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. म्हणजे माझ्याकडून जी चूक झाली ती येथे यंत्रच थांबवते. युरोपीय संघाने लॅपटॉपसाठी या प्लगची सक्ती २८ एप्रिल २०२६ पासून ठरवली. तरीही वॉट पाहावेच लागतात. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर ६५ वॉटच्या लॅपटॉपला पुरत नाही. आणि आपल्याकडे जे जुने लॅपटॉप आहेत ते अजून बरीच वर्षे मुलांच्या हातात राहणार आहेत.

शाळेत आता काय केले आहे?

१. प्रत्येक लॅपटॉपला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक त्याच्या अडॅप्टरवर, वायरच्या दोन्ही टोकांना चिकटवला.

२. कक्षाच्या वहीत प्रत्येकाचे व्होल्ट, अँपिअर आणि प्लगचे माप लिहिले. हे काम त्याच नववीतल्या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी केले.

३. स्कॅनर आणि स्पीकरचे अडॅप्टर वेगळ्या डब्यात ठेवले. त्यावर लाल रंगाने 'लॅपटॉपला लावू नये' असे लिहिले.

४. शंका असेल तर अडॅप्टर लावायचा नाही. हा नियम मुख्याध्यापकांनाही लागू आहे.

पालकांना विनंती की घरी रविवारी मुलांना घेऊन हे एवढे काम करावे. अर्धा तास लागेल आणि मुलांचा भौतिकशास्त्राचा एक धडा पुस्तकाबाहेर होईल. जे अडॅप्टर निकामी ठरतील ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, तेथेच द्यावेत.

विश्वस्त मंडळास विनंती की कक्षासाठी दोन मल्टिमीटर मंजूर करावेत, आणि यापुढे देणगीचे यंत्र स्वीकारताना त्याचा अडॅप्टर त्याच दिवशी तपासून नोंदवला जावा.

ज्यांचा लॅपटॉप माझ्या हातून गेला, त्या माजी विद्यार्थ्याने फोनवर एवढेच म्हटले, "सर, आईला मुलं शिकलेली आवडायची. यातून मुलं काही शिकली तर हिशेब पूर्ण झाला." हा लेख त्या हिशेबापोटी लिहिला आहे.